वर्गात उघडण्याआधी शैक्षणिक साइट कशी पारखायची

पुण्यातल्या मनपा, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतल्या शिक्षकांबरोबर बसून मी साइट तपासते. चूक जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच जागी होते. शिक्षक साइट उघडतात, मुखपृष्ठ बघतात, ‘आमच्याविषयी’ वाचतात, दोन व्हिडिओ लावून बघतात आणि आवडली तर लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. म्हणजे ज्याचा पेपर तपासायचा, त्यालाच गुण द्यायला बसवतात.

खाली दिलेल्या क्रमाला पहिल्यांदा पाऊण तास लागेल, पुढे वीसेक मिनिटं पुरतील. टप्प्यांची अदलाबदल मात्र करू नका. एकदा साइट मनात भरली की तिच्या चुका दिसेनाशा होतात, म्हणून हा क्रम आहे.

## तयारी: साइट अजून उघडायची नाही

वहीत एक वाक्य लिहा: ही साइट मला नेमकी कशासाठी हवी आहे? ‘विज्ञानासाठी चांगली साइट’ हे उत्तर चालणार नाही. ‘मूलद्रव्य आणि संयुग यांतला फरक मुलांना चित्रातून दिसावा’ हे चालेल. पहिलं वाक्य घेऊन बसलात तर कुठलीही रंगीत साइट पास होते.

त्याखाली लिहा, साइट कोण वापरणार आहे. तुम्ही एकट्या पाठाच्या तयारीसाठी वाचणार, वर्गात पडद्यावर दाखवणार की मूल घरी आईच्या मोबाइलवर एकटं बघणार? तिन्हींचे निकष वेगळे आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या साइटवरचे आभासी प्रयोग घ्या. त्यांतले बरेच मराठीतही आहेत. शिक्षक समोर उभे राहून ‘आता तापमान वाढवलं तर काय होईल?’ असं विचारत असतील तर त्यांच्यासारखं साधन नाही. तेच घरी एकट्या मुलाच्या हाती दिलं की ते दहा मिनिटं बटणं सरकवतं आणि बंद करतं. साइट तीच, पण एका कामाला योग्य आणि दुसऱ्याला अपुरी.

आता तिसरी गोष्ट, जी बहुतेक जण गाळतात. त्या विषयातले असे तीन प्रश्न लिहून ठेवा, ज्यांची उत्तरं तुम्हाला पक्की माहीत आहेत. पुण्याबद्दलची साइट असेल तर माझे तीन ठरलेले आहेत:

– १२ जुलै १९६१ ला आधी कोणतं धरण फुटलं? (पानशेत. खडकवासला त्यानंतर.)
– मानाचे पाच गणपती कोणते? (कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा.)
– जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण कुठे आहे आणि तिच्या अँटेना किती? (नारायणगावजवळ खोडदला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३०.)

दुसऱ्या प्रश्नाला किती साइट अडखळतात ते करून बघा. दगडूशेठ हलवाई गणपती सगळ्यांत प्रसिद्ध, म्हणून लिहिणारा त्याला मानाच्या पाचांत बसवून मोकळा होतो. पुण्यात वाढलेला माणूस ही चूक करणार नाही. लिहिणाऱ्याने पुण्यातल्या कुणाला विचारलेलं नाही, एवढं त्यावरून कळतं.

तपासा: एक वाक्य, वापरणारा आणि तीन प्रश्न वहीत आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: साइट उघडा आणि लगेच बाहेर पडा

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे असे तीन गट अनोळखी साइट कशा तपासतात ते पाहिलं. इतिहासकार आणि विद्यार्थी साइटवरच थांबून वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि बऱ्याचदा फसले. तथ्यपडताळणी करणारे काही क्षणांतच साइट सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि बाकीचं जग या साइटबद्दल काय म्हणतं ते आधी शोधलं. आपल्यालाही तेच करायचं आहे.

१. साइटचं नाव कॉपी करा, नव्या टॅबमध्ये शोधा आणि त्या साइटचे स्वतःचे दुवे सोडून बाकीचे वाचा.

२. चालवणारी संस्था कोण, पैसा कुठून येतो, हे शोधा. शिकवणी विकणाऱ्या कंपनीचा मोफत विभाग वाईटच असतो असं नाही. पण तिथे धडा बहुतेक वेळा अशा जागी थांबतो, जिथून पुढचं विकत घ्यावं लागतं. मुलाला ते कळत नाही, तुम्हाला कळायला हवं.

३. पत्त्याचं शेपूट बघा. ‘जीओव्ही डॉट इन’ फक्त सरकारी यंत्रणांना मिळतं. ‘एसी डॉट इन’ आणि ‘ईडीयू डॉट इन’ शैक्षणिक संस्थांसाठी राखीव आहेत. ‘ओआरजी’ म्हणजे नोंदणीकृत संस्था, हा समज मला दर बैठकीत भेटतो. ‘ओआरजी’, ‘कॉम’ किंवा नुसतं ‘इन’ कुणीही विकत घेऊ शकतो.

४. पत्त्याजवळचं कुलूप. तुमच्या यंत्रापासून साइटपर्यंतचा रस्ता कुणी मध्ये वाचू शकत नाही, एवढंच ते सांगतं. साइटवर लिहिलेलं खरं आहे की खोटं, याच्याशी त्याचा संबंध नाही.

इशारा: पाठ्यपुस्तकाचं नाव शोधयंत्रात टाकलं की जाहिरातींनी भरलेल्या खासगी साइटही समोर येतात. त्यांच्यावर पुस्तकाची जुनी आवृत्ती असू शकते. पीडीएफ बालभारतीच्याच साइटवरून घ्या आणि मुखपृष्ठामागच्या पानावर आवृत्तीचं वर्ष बघा. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचावरचं साहित्य हवं असेल तर पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करा, नावावरून शोधत बसू नका.

## टप्पा २: तुमचे तीन प्रश्न विचारा, मग एक वादाचा मुद्दा

साइटवर परत या आणि तीन प्रश्नांची उत्तरं शोधा. एक चुकलं तर पेन्सिलीने खूण करा, दोन चुकली तर साइट बंद करा. तिन्ही बरोबर आली तरी अजून काही सिद्ध झालेलं नाही. सोपी माहिती कुठूनही उचलता येते.

साइटची खरी लायकी वादाच्या किंवा गुंतागुंतीच्या मुद्द्यावर कळते. शिवजन्माची तारीख घ्या. एक साइट १९ फेब्रुवारी १६३० म्हणते, दुसरी ६ एप्रिल १६२७, एखादी इंग्रजी साइट १ मार्च १६३०. हिंदी साइटवर चैत्र महिना दिसतो. आपण ‘इंटरनेटवर काहीही लिहितात’ म्हणून सोडून देतो. थोडं थांबून हिशेब करा.

फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. शकाचं इसवी सन काढायला चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या चैत्रापर्यंत ७९. फाल्गुन फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणून १५५१ अधिक ७९, म्हणजे १६३०. त्या तिथीची ज्युलियन पंचांगातली तारीख १९ फेब्रुवारी. सतराव्या शतकात ज्युलियन आणि ग्रेगोरियन पंचांगांत दहा दिवसांचं अंतर होतं, म्हणून ग्रेगोरियन तारीख १ मार्च. या दोन तारखा म्हणजे एकच दिवस. हिंदी साइटवरचा चैत्रही तोच, कारण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. आपला फाल्गुन वद्य पक्ष तिकडे चैत्र कृष्ण पक्ष होतो.

६ एप्रिल १६२७ चं प्रकरण मात्र वेगळं आहे. ती वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे मुळात दुसरीच तिथी. जुन्या पुस्तकांत ती सापडते. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली आहे.

आता साइटकडे बघा. चांगली साइट तारखेशेजारी तिथी आणि शक देते, दुसरी तारीख प्रचलित होती हे सांगते आणि आपली तारीख कुठल्या आधाराने घेतली तेही नोंदवते. बरी साइट एक बरोबर तारीख देऊन थांबते. वाईट साइटवर एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरी तारीख असते. हा फरक मुलांना फळ्यावर करून दाखवा. सातवी-आठवीची मुलं यात रंगून जातात, आणि शकाचं गणित त्यांना जन्मभर पुरतं.

नेहमीची चूक: ‘तीन साइटवर तेच लिहिलंय, म्हणजे बरोबर.’ त्यातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. शब्द न शब्द तोच निघाला तर तुमच्याकडे साक्षीदार एकच आहे, त्याच्या प्रती तीन आहेत. दुसरा साक्षीदार म्हणून मराठी विश्वकोशाची नोंद घ्या. ती ऑनलाइन आहे आणि नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. विकिपीडियाचं पान उघडलं तर मजकुरापेक्षा तळाचे संदर्भ आणि ‘इतिहास’ ही कळ आधी बघा.

## टप्पा ३: मराठी तपासा

या टप्प्याला शिक्षक ‘शुद्धलेखन तपासणं’ समजतात आणि वगळतात. मी याला सगळ्यांत जास्त वेळ देते. बऱ्याच मराठी शैक्षणिक साइट हिंदी किंवा इंग्रजी साइटच्या यांत्रिक अनुवादातून तयार होतात, आणि त्यात नुसती भाषा बिघडत नाही, विषयच चुकतो.

सगळ्यांत घातक उदाहरण अणू-रेणूचं. मराठीत मूलद्रव्याचा सूक्ष्मतम कण तो अणू आणि अणू एकत्र येऊन होतो तो रेणू. हिंदीत पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अणु’. हिंदीवरून आलेल्या साइटवर ‘पाण्याचा एक अणू’ असं सरळ छापलेलं सापडतं. ते वाचलेलं मूल परीक्षेत तेच लिहितं आणि शिक्षक त्याचे गुण कापतात. मूल मात्र मन लावून वाचूनच चुकलेलं असतं.

तपासायला आणखी काही जोड्या, हिंदी शब्द आधी आणि आपल्या पुस्तकातला नंतर: कोशिका आणि पेशी, तत्व आणि मूलद्रव्य, यौगिक आणि संयुग, आयतन आणि घनफळ, भिन्न आणि अपूर्णांक. यातला शेवटचा शब्द विशेष फसवतो, कारण ‘भिन्न’ मराठीतही आहे, फक्त अर्थ वेगळा.

इंग्रजीवरून आलेल्या पानांत आकडे बघा. दहा लाखांचं एक मिलियन, शंभर कोटींचं एक बिलियन. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. एखादं पान ‘१५० लाख किलोमीटर’ म्हणत असेल तर मिलियनचा लाख करताना अंतराचा दहावा हिस्साच उरला आहे.

अक्षरं बघायला अर्धं मिनिट पुरतं. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वऱ्हाड’ हे शब्द शोधा. तिथे ‘दुसर्‍या’तला ऱ्य न येता माथ्यावर रफार चढून ‘दुसर्या’ झालं असेल तर मराठी वाचणाऱ्याने ते पान शेवटपर्यंत वाचलेलं नाही. बाराखडीच्या साइटवर ळ आहे ना, तेवढं पहिलं बघा. पहिली-दुसरीसाठी ल आणि श यांचं वळणही पुस्तकाशी जुळवा. मूल पडद्यावर एक वळण आणि वहीत दुसरं गिरवायला लागलं की गोंधळतं.

अंकवाचनाचंही तसंच. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची रीत आली आणि मोठी चर्चा झाली. तुमच्या हातातलं पुस्तक आणि साइट एकच रीत वापरतात का, ते बघून मगच लिंक द्या.

तपासा: पाठातले पाच पारिभाषिक शब्द पुस्तकातून वहीत उतरवा आणि कंट्रोल व एफ दाबून पानावर शोधा. शब्द दिसतोय पण शोधल्यावर सापडत नसेल, तर मजकूर चित्रात आहे किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये. तो कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. भलतीच रोमन अक्षरं उमटली तर दृष्टिहीन मुलाचं वाचक सॉफ्टवेअरही ते पान वाचू शकणार नाही.

## टप्पा ४: पान केव्हाचं आहे

‘अद्ययावत केले’ या तारखेवर विसंबू नका. बऱ्याच साइटवर ती आपोआप बदलते. आतला मजकूर काय म्हणतो ते बघा. महाराष्ट्राचे जिल्हे ३५ लिहिले असतील तर पान १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचं आहे, कारण त्या दिवशी पालघर झाला आणि ते ३६ झाले. ग्रह नऊ असतील तर २००६ पूर्वीचं. एव्हरेस्ट ८,८४८ मीटरवरच थांबलं असेल तर २०२० चं ८,८४८.८६ तिथे पोचलेलं नाही. अहिल्यानगर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर ही नावं आहेत का, हेही बघा.

भूगोलाच्या पानावर भारताचा नकाशा असेल तर उत्तरेची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडल्याशिवाय पडद्यावर लावू नका.

## टप्पा ५: संस्कृतीचं पान असेल तर आणखी तीन प्रश्न

माहिती अचूक असूनही संस्कृतीचं पान वर्गासाठी अयोग्य असू शकतं. म्हणून विचारा: हे कोण करतं? केव्हा करतं? त्या माणसांचा आवाज पानावर आहे का?

वारली चित्रांची हस्तकला-पानं घ्या. मुलांना त्रिकोणांची माणसं काढायला सांगतात, चमकदार रंग देतात आणि ‘आदिवासी सजावट’ म्हणून संपवतात. वारली हा समाज आहे, पालघर, डहाणू, जव्हारच्या भागात राहणारा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिला जातो आणि तो लिहिण्याचा मान बायकांचा. चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’ म्हणतात. हे एवढं वाक्य जरी पानावर असेल तर मूल त्रिकोण काढताना काहीतरी समजून काढतं. नसेल तर पान वापरा, पण हे वाक्य तुम्ही सांगा.

तुमच्या वर्गात कोण बसलंय तेही बघा. हडपसर, येरवडा, चिंचवडच्या वर्गांत सोलापूर, कलबुर्गी, बिहारहून आलेल्या घरांतली मुलं आहेत. ‘आपल्या घरी गुढीपाडव्याला’ असं सुरू होणारं पान त्यातल्या निम्म्यांना बाहेर बसवतं. ‘काही घरी’ एवढा बदल तोंडी करता येतो, फक्त आधी वाचलेलं हवं.

## टप्पा ६: ज्या यंत्रावर मुलं बघणार, त्याच यंत्रावर चालवा

घरच्या वायफायवर लॅपटॉपवर चाललेली साइट मुळशी किंवा राजगड तालुक्यातल्या शाळेच्या टीव्हीवर चालेलच असं नाही. मी एकदा ही तालीम न करता सहावीच्या वर्गात व्हिडिओ लावला. धडा संपला आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, आणि त्याच्या सुरुवातीला पैसे लावायच्या ऑनलाइन खेळाची जाहिरात. चाळीस मुलांनी ती पाहिली. मी रिमोट शोधेपर्यंत ती संपलीही होती. त्या दिवसापासून हा टप्पा मी कधीही सोडलेला नाही.

१. ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता उघडा. मुलाला दिसेल तसंच तुम्हाला दिसायला हवं.

२. व्हिडिओ शेवटपर्यंत चालू द्या. नंतर काय येतं ते बघा आणि ‘आपोआप पुढचा’ बंद करा.

३. मोबाइल डेटावर, एका रेंजच्या दांडीवर उघडून बघा. उतरवून ठेवता येत असेल तर आदल्या दिवशी पेन ड्राइव्हवर घ्या. फेटचे बरेच प्रयोग असे उतरवता येतात.

४. नोंदणी मागते का? नाव, जन्मतारीख, शाळा, पालकांचा फोन यांतलं काय काय? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. नोंदणीशिवाय काम होत नसेल तर शिक्षकाच्या एका खात्यावरून पडद्यावर दाखवा, मुलांची खाती उघडू नका.

इशारा: वर्गाची यादी एक्सेलमध्ये ‘अपलोड’ करायला सांगणारी साइट, कितीही चांगली असली तरी, मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय पुढे नेऊ नका.

## टप्पा ७: घेऊ शकतो ते किती

वर्गात शिकवताना उतारा किंवा चित्र वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम मुभा देतं. तेच चित्र शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. कवितांसाठी सोपा हिशेब: कवी गेल्यानंतर ६० वर्षं. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांच्या कविता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या नाहीत. पानाच्या तळाशी क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण असेल तर अटी वाचा आणि मूळ कर्त्याचं नाव लिहा.

## टप्पा ८: निर्णय एका ओळीत आणि पुढची तारीख

शेवटी तयारीच्या पानावर परत या. पहिल्या वाक्यातलं काम ही साइट करते का? उत्तर तीनांपैकी एकच असावं: मुलांना एकट्याने द्यावी, शिक्षकाबरोबर दाखवावी, किंवा फक्त शिक्षकाने वाचावी. ‘छान आहे’ हा निर्णय धरू नका. नाकारलेल्या साइटचीही कारणासह नोंद करा, नाहीतर दोन महिन्यांनी शेजारच्या वर्गाच्या बाई तीच लिंक घेऊन येतात आणि सगळं पुन्हा तपासावं लागतं.

आमच्या शिक्षकखोलीतल्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते:

‘इयत्ता ७, मूलद्रव्य-संयुग. चित्रं उत्तम, प्रयोग बरोबर. मराठी पानांवर रेणूच्या जागी अणू, तीन ठिकाणी. शिक्षकाबरोबर दाखवावी, इंग्रजी पान लावून तोंडी मराठीत सांगावं. नोंदणी लागत नाही. व्हिडिओनंतर जाहिरात, टीव्हीवर आपोआप-पुढचा बंद केला आहे. चूक कळवली, उत्तर नाही. पुन्हा तपासणी: जून, शाळा उघडण्याच्या आठवड्यात.’